वेळ तुकड्यांत मिळतो, अभ्यासही तुकड्यांत ठेवा: लहान मुलं घरात असताना पुन्हा शिकायचं तर

पुन्हा शिकायचं ठरवलं की सगळ्यात आधी लोक वेळापत्रक करायला सांगतात. पहाटे दोन तास, दुपारी एक, रात्री दोन. मी संख्याशास्त्राच्या एम. एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा थोरली तीन वर्षांची होती आणि धाकटा नुकता बसायला लागला होता. सलग दोन तास मोकळे मिळतील असा दिवस तेव्हा आमच्या घरी उगवतच नव्हता. तरी अभ्यास झाला, परीक्षा झाल्या, पदवी हातात आली.

त्या काळातून मला कळलेली गोष्ट अशी: मोकळे तास शोधत बसू नका. अभ्यासच आधी बारीक तुकड्यांत मोडून ठेवा, म्हणजे जो वेळ हाताला लागेल त्यात एखादा तुकडा मावेल. आणि मध्येच उठावं लागलं तर परत नेमकं त्याच जागी येता यावं, याची सोय करून ठेवा. पुढचं सगळं या दोन कामांसाठी आहे. मी आई म्हणून लिहिते आहे, पण घरी मुलं सांभाळणाऱ्या बाबालाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

फी भरण्याआधी

अभ्यासक्रम आधी घरात चालवून पाहा. ज्या विषयाला प्रवेश घ्यायचा आहे त्याचा छापील अभ्यासक्रम मिळवा, त्यातलं मधलंच एखादं, जरा अवघड प्रकरण निवडा आणि प्रवेश झाला आहे असं समजून तीन आठवडे त्याचा अभ्यास करा. मुलं आजोळी गेलेली असताना नको. नेहमीच्या, रडारडीच्या आठवड्यांतच करा. रोज किती मिनिटं मिळाली ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. तीन आठवड्यांनी बेरीज करून आठवड्याला सरासरी जितके तास येतील तोच तुमचा खरा आठवडा. मनाशी धरलेला आकडा बहुतेक वेळा याहून मोठा असतो.

आता हा आकडा विषयाच्या श्रेयांकांशी, म्हणजे क्रेडिट्सशी, ताडून पाहा. श्रेयांक म्हणजे तासच असतात, फक्त हिशेब जागोजागी वेगळा. युरोपातल्या सामाईक पद्धतीत एक श्रेयांक २५ ते ३० तासांच्या कामाचा असतो आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्याचं वर्ष ६० श्रेयांकांचं. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा धरतात, आपल्याकडच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूमध्ये, ३० तासांचा. म्हणजे ३० तासांच्या हिशेबाने चार श्रेयांकांचा एक विषय १२० तासांचा झाला. सत्र वीस आठवड्यांचं असेल तर आठवड्याला सहा तास. दोन विषय घेतले की बारा. तुमच्या वहीतला आकडा सात असेल तर एकच विषय घ्या. पदवीला दुप्पट वर्षं लागतील, लागू देत. मुलं लहान असताना एका वेळी एक विषय घेणाऱ्या बायका मी पदवीपर्यंत पोचलेल्या पाहिल्या आहेत. पहिल्याच सत्रात चार विषय घेणाऱ्या बहुतेकींना दुसऱ्या सत्रात थांबावं लागलं.

संस्था निवडताना तिचं नाव किती मोठं आहे याहून ती घरी बसून शिकणाऱ्यासाठी घडवलेली आहे का, हे पाहा. अशा शिक्षणाला आता मोठी परंपरा आहे. दक्षिण आफ्रिकेतलं युनिसा विद्यापीठ १९४६ पासून टपालाने शिकवू लागलं. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये तिथले पहिले विद्यार्थी शिकू लागले. इग्नू १९८५ चं. या ठिकाणी पुस्तकंच अशी लिहिलेली असतात की शिक्षक समोर नसला तरी वाचणाऱ्याला पुढे जाता यावं: प्रत्येक घटक छोटा, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं. नेहमीच्या विद्यापीठाच्या वर्गातली व्याख्यानं नुसती चित्रित करून चढवलेली असतील तर तोच विषय घरून शिकणं फार जड जातं.

प्रवेशाआधी कार्यालयाला हे विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या: नोंदणी किती वर्षं चालते? एखादं सत्र सोडता येतं का, आणि सोडलं तर आधीचे श्रेयांक राहतात का? तास थेट आहेत की नंतर पाहता येतात? प्रात्यक्षिकांना किती हजेरी सक्तीची आहे? स्वाध्यायाची मुदत वाढवून मिळते का, आणि त्यासाठी कोणता कागद लागतो? शेवटचा प्रश्न आज बिनमहत्त्वाचा वाटेल. दोन्ही मुलं एकाच आठवड्यात तापाने फणफणतील तेव्हा त्याचं उत्तर माहीत असलेलं बरं.

दिवस मुलाच्या झोपेने मोजा

तुमच्या दिवसाचं घड्याळ मूल चालवतं, तेव्हा आधी ते नीट वाचायला शिका. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेबद्दल शिफारसी दिल्या. चार महिने ते एक वर्ष या वयाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप, एक ते दोन वर्षांना ११ ते १४, तीन ते पाच वर्षांना १० ते १३. दिवसाची झोप यातच धरलेली आहे. त्याहून लहान बाळांसाठी त्यांनी आकडाच दिला नाही, कारण त्या वयात प्रत्येक बाळाची तऱ्हा निराळी असते. चार महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर मी तरी नवीन सत्र सुरू करायला सांगणार नाही. ते महिने तुमचे आणि बाळाचे असू देत.

पुढे मात्र एक साचा दिसू लागतो. दिवसातल्या दोन झोपांची साधारण दीड वर्षाच्या आसपास एक होते आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान दुपारची झोपही सुटते. याचा अर्थ असा की आज बसवलेली घडी चार-सहा महिन्यांत मोडणार, आणि त्यात तुमच्या शिस्तीची काही चूक नसणार. मूल वाढतं आहे, एवढंच. म्हणून वेळापत्रक पूर्ण वर्षाचं करू नका, फक्त चालू सत्राचं करा. आणि अवघड विषय कोणत्या सत्रात घ्यायचा हे ठरवताना मुलाची दुपारची झोप अजून शिल्लक असेल का, हाही विचार करा. मी संभाव्यता सिद्धांत मुद्दाम लवकर घेतला, धाकटा दुपारी हमखास झोपत होता तेव्हा. प्रकल्पाचं काम, ज्यात माहिती गोळा करायची आणि तक्ते भरायचे असतात, ते नंतरसाठी ठेवलं.

मूल झोपल्याबरोबर घर आवरायला धावू नका. हा मोह मोठा आहे. पसारा मुलांच्या पायांत असतानाही आवरता येतो, सिद्धता तेव्हा लिहिता येत नाही. झोपेचा वेळ अभ्यासाचा, हे स्वतःशी पक्कं ठरवा आणि घरातल्यांनाही स्पष्ट सांगा. माझ्या मते बाकी कोणत्याही एका नियमाने इतका फरक पडत नाही.

तीन प्रकारचे वेळ, तीन प्रकारची कामं

मुलांसोबतच्या दिवसात वेळ मिळतो तो एकसारखा नसतो. मी त्याचे तीन भाग केले होते आणि वहीत प्रत्येकाची वेगळी यादी होती.

पहिला, मूल झोपलेलं असतानाचा. तेव्हा डोकं आणि दोन्ही हात तुमचे असतात. यात फक्त नवं आणि अवघड करायचं. केंद्रीय सीमा प्रमेयाची सिद्धता, न सुटलेलं उदाहरण, स्वाध्यायाचं उत्तर लिहिणं. या वेळात ईमेल पाहायची नाही, फायली लावायच्या नाहीत, वेळापत्रक रंगवायचं नाही.

दुसरा, मूल शेजारी खेळत असतानाचा. डोळे मुलाकडे, हात अर्धे मोकळे, कुठल्याही क्षणी हाक येणार. यात ज्याची तार तुटली तरी बिघडत नाही तेच करायचं. सूत्रांच्या पत्त्या, म्हणजे छोटी कार्डं, लिहिणं, काल सोडवलेलं उदाहरण उत्तराशी ताडणं, आलेख काढणं, पुढच्या प्रकरणातली फक्त शीर्षकं आणि व्याख्या वाचून ठेवणं. याच वेळात सिद्धता समजून घ्यायला बसलं की दोन्हीकडून त्रास. ओळ कळत नाही, मूल मात्र दर मिनिटाला ओरडा खातं. मुलावरची चिडचिड बहुतेक वेळा चुकीचं काम चुकीच्या वेळात घेतल्याने होते, मूल त्रास देतं म्हणून नाही. यादी वेगळी ठेवली की ती चिडचिड बरीच ओसरते.

तिसरा, मूल कडेवर, मांडीवर किंवा पदराशी असतानाचा. इथे फक्त कान आणि स्मरण. व्याख्यान ऐकता येतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे मनातल्या मनात आठवून पाहता येतं: प्वासाँ वितरणाची सरासरी काय? प्रसरण काय? दोन्ही सारखीच का येतात? धाकट्याला थोपटताना मी मोठ्याने म्हणायची. त्याला शब्दांशी देणंघेणं नव्हतं, आवाज आवडायचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल आंघोळीच्या टबात किंवा पाण्याजवळ असताना, रस्त्यावर असताना, चुलीजवळ असताना कानात काहीही घालू नका. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बहुधा आवाज न करता. त्या वेळी अभ्यास नाही, फोनही नाही.

उठण्याआधी एक ओळ लिहा

लोकांना वाटतं, मूल मध्येच उठवतं म्हणून वेळ जातो. खरा वेळ जातो तो परत आल्यावर. वही उघडायची, कुठे होतो ते शोधायचं, मागची दोन पानं वाचायची, तार जुळते न जुळते तोच पुन्हा हाक. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि पुढचं काम नीट होत नाही. घरात हे दोन्ही बाजूंनी जाणवतं. मुलाशी खेळताना मनात उदाहरण घोळत असतं आणि उदाहरण सोडवताना मुलाचं रडणं कानात राहतं.

यावर मला सगळ्यात कामी आलेली सवय अगदी छोटी आहे. उठण्याआधी पेन्सिलने एकच ओळ लिहायची, आत्ता पुढची पायरी काय आहे ती. ‘इथे x च्या जागी y उणे सरासरी घालून इंटिग्रेशन करायचं.’ ‘प्रश्न ७ मध्ये नमुना लहान आहे, म्हणून टी चाचणी, स्वायत्तता मात्रा ११.’ नुसतं ‘प्रकरण ४ चालू’ असं लिहून उपयोग नाही. त्यातून काय वाचून झालं ते कळतं, पुढे काय करायचं ते कळत नाही. विणणारी बाई ओळ अर्ध्यावर टाकून उठते तेव्हा टाके मोजून उठते, तसंच हे. मूल अगदी किंचाळत असेल तर अर्थात तसंच उठायचं, पण बहुतेक हाकांना पाच-सात सेकंदांचा अवकाश असतो आणि एवढ्यात ओळ लिहून होते. ती लिहिली की मनही मोकळं होतं, कारण आता ते लक्षात ठेवायचं काम कागदाचं झालेलं असतं.

याला जोडून, वस्तूंची सोय. स्वतंत्र खोली नसली तरी चालेल, टेबल नसलं तरी चालेल. एक झाकणाची पेटी हवी: वही, चालू प्रकरण, पेन्सिल, कॅल्क्युलेटर, सूत्रांच्या पत्त्या. पेटी मुलांच्या हाताला न लागेल इतकी उंच आणि तुमच्या हाताला सहज येईल इतकी जवळ. जाड पुस्तक असेल आणि तुमचंच असेल तर प्रकरणं सुटी करून बांधून घ्या. सहाशे पानांचं पुस्तक एका हातात धरता येत नाही, चाळीस पानांचं प्रकरण येतं. शक्य तिथे फोनऐवजी कागद वापरा. फोन उघडला की त्यातलं बाकी सगळंही उघडतं, शिवाय मुलाला फोन दिसला की तो हवाच असतो. वही दिसली तर फार तर पेन्सिल मागतं.

तुटक वेळ स्मरणाला चांगला असतो

हे ऐकून तुम्हाला धीर येईल, आणि ते नुसतं धीर द्यायला सांगत नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याने मोजून दाखवलं. एकाच बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांत विभागली तर कमी उजळण्यांत काम होतं, हेही. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि टिकला.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मग २०१३ मध्ये जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. सर्वांत उपयोगी ठरल्या दोन: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळींखाली रंग फासणं तळाला गेलं.

आता आपला दिवस पाहा. तो विभागलेला आहेच, वेगळं काही करायला नको. आणि आठवून पाहायला ना टेबल लागतं, ना पुस्तक. रंगीत पेनं घेऊन दोन तास बसणाऱ्याकडे पाहून मन खट्टू करून घेऊ नका. दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटं आठवून पाहणारी आई अभ्यासाच्या बाबतीत काही कमी करत नाही.

पत्त्या करताना एका पत्तीवर एकच प्रश्न घाला, मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कप्प्यांची पद्धत अशा पत्त्यांना छान बसते. नव्या पत्त्या पहिल्या कप्प्यात, त्या रोज पाहायच्या. उत्तर आलं की पत्ती दुसऱ्या कप्प्यात जाते, तो दोन-तीन दिवसांनी पाहायचा. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की पत्ती परत पहिल्यात. म्हणजे येत असलेल्या गोष्टींवर वेळ जात नाही. जाड पुठ्ठ्याच्या पत्त्या करा, लहान हातांत सापडल्या तरी टिकतात. धाकटा खेळायला लागेल म्हणून माझ्या गठ्ठ्यात पाच-सहा कोऱ्या पत्त्या त्याच्यासाठी असायच्या.

मात्र सगळंच असं होत नाही. लांबलचक सिद्धता, निबंध, प्रकल्पाचा मसुदा, जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणं, याला सलग वेळच लागतो. आणि तो मूल देत नाही, दुसरं माणूस देतं.

मदत मागताना दिवस आणि वेळ सांगा

‘जरा मुलांकडे बघशील का?’ याला सगळे हो म्हणतात आणि कुणीच बघत नाही. ‘दर शनिवारी नऊ ते बारा मुलं तुझी’ हे मागणं स्पष्ट आहे. ते सुरुवातीला उद्धट वाटेल, तरी तसंच मागा. जोडीदार असो, बहीण असो, आजी-आजोबा असोत, तीन गोष्टी ठरवून घ्या: वार, वेळ, आणि त्या वेळात मुलांचं सगळं त्यांनीच पाहायचं. सगळं म्हणजे भूक, शी, रडणं, हरवलेली बाहुली. दर दहा मिनिटांनी दार वाजणार असेल तर ती मदत नव्हे.

आणि त्या वेळात घराबाहेर पडा. वाचनालय, मैत्रिणीची रिकामी खोली, कुठेही. आई दुसऱ्या खोलीत आहे हे दोन वर्षांच्या मुलाला कळतं आणि ते दाराशी बसतं. आई बाहेर गेली आहे हे एकदा समजलं की थोड्या वेळाने ते रमतं. मी पहिले काही शनिवार वाचनालयात बसून घरचाच विचार करत होते. मग जमलं. मुलांचं आणि त्यांच्या बाबांचं एक स्वतंत्र सूत जुळलं ते याच शनिवारांत, आणि त्याचं मोल मला पदवीइतकंच वाटतं.

मेरी क्युरी यांचं उदाहरण मी स्वतःला नेहमी द्यायची, त्यांच्या प्रज्ञेचं नव्हे, व्यवस्थेचं. त्यांची मुलगी इरेन सप्टेंबर १८९७ मध्ये जन्मली आणि डॉक्टरेटचं संशोधन त्यानंतर सुरू झालं. सासरे युजीन क्युरी, स्वतः डॉक्टर, पत्नीच्या निधनानंतर त्यांच्याकडे राहायला आले आणि नातीची मोठी जबाबदारी त्यांनी उचलली. १९०३ मध्ये मेरी यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचं काम सांगताना या आजोबांचा उल्लेख फारसा होत नाही. व्हायला हवा.

घरात दुसरं कुणी नसेल तर अशाच दुसऱ्या पालकाशी अदलाबदल करा. एका दिवशी त्यांची मुलं तुमच्याकडे, दुसऱ्या दिवशी तुमची त्यांच्याकडे. दोन-तीन मुलं एकत्र असली की ती एकमेकांत रमतात, त्यामुळे सांभाळणाऱ्यालाही ते एका मुलापेक्षा फार जड जात नाही. पाळणाघराचे पैसे द्यावे लागणार असतील तर ते फीमध्येच धरा, वेगळा चैनीचा खर्च म्हणून नको. पुस्तकांचा खर्च धरतो तसाच हा.

मुलांना काय सांगायचं

जितकं कळेल तितकं खरं सांगायचं. ‘आई शिकते आहे’ हे तीन वर्षांच्या मुलीला पुरेसं कळतं. वेळ मात्र कळत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसली पाहिजे. वाळूचं घड्याळ ठेवा: वाळू खाली जाईपर्यंत आई लिहिणार, मग तुझ्याशी खेळणार. सुरुवात पाच मिनिटांनी करा आणि वाळू संपली की खरोखरच वही मिटा, वाक्य अर्धं असलं तरी. मुलाचा विश्वास त्यावरच बसतो. आधी पंधरा मिनिटं पूर्ण लक्ष देऊन खेळा आणि मग वही उघडा, हा क्रमही मोलाचा आहे. उलट क्रमाने मूल हट्टाला पेटतं.

पडद्यासमोर बसवून वेळ काढण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन असं: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर चांगलंच. म्हणजे मोठ्या मुलासाठी तुमच्या हाताशी फार तर एक तास आहे. तो रोजच्या वाचनावर घालवू नका, तोंडी परीक्षा किंवा थेट तास यासाठी राखून ठेवा.

आजारपण, झोप, परीक्षा

लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि शाळा सुरू झाल्याच्या वर्षी तर जास्तच. दोन मुलं असली की ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग तुमच्याकडे येते. म्हणून सत्राचे आठवडे मोजताना त्यातले दोन-तीन आधीच वजा करा आणि स्वाध्यायाची मुदत स्वतःसाठी आठवडाभर अलीकडे ओढा. मुदत वाढवून मागण्याचं पत्र सत्राच्या पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, फक्त तारीख आणि कारण भरायचं बाकी. तापलेलं मूल मांडीवर असताना नम्र पत्र सुचत नाही.

झोपेतून वेळ कापू नका. जेंकिन्स आणि डालनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की शिकल्यानंतर झोपलेल्या माणसाला जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं. रात्री मुलासाठी उठावं लागतंच, त्यावर अभ्यासाचं जागरण चढवलं तर दुसऱ्या दिवशीचा दुपारचा वेळही हातचा जातो. रात्र की पहाट, हे तुमचं मूल कधी गाढ झोपतं यावर ठरवा. पहाटे उठणाऱ्यांचं कौतुक फार होतं म्हणून नको.

आणि बाळंतपणाला वर्ष झालं नसेल तर मनाकडे लक्ष असू द्या. पहिल्या दिवसांतली रडवेली अवस्था साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाची किंवा स्वतःची भीती वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यावर उपचार आहेत. अशा वेळी वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणून स्वतःला मठ्ठ समजू नका.

परीक्षेची तयारी महिनाभर आधी हातापासून सुरू करा. तुकड्यांत अभ्यास करणाऱ्याला सलग तीन तास बसून लिहायची सवय राहत नाही, हात दुखतो, मान अवघडते. शनिवारच्या सलग वेळात घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. आधी दीड तास, मग दोन, मग पूर्ण. बाळ अंगावर पीत असेल तर परीक्षा केंद्राला आधीच लिहून विचारा: दूध पाजायला किंवा काढायला मध्ये उठता येईल का, तेवढा वेळ वाढवून मिळेल का, बाळाला घेऊन कुणाला बाहेर थांबता येईल का. परीक्षेच्या सकाळी विचारलं तर तिथला माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही. परीक्षेच्या दिवसांसाठी मुलं सांभाळायला एक माणूस ठरवा आणि त्याच्यामागे आणखी एक. पहिल्याला ऐनवेळी ताप येऊ शकतो.

एखादं सत्र नाहीच झेपलं, तर नुसतं येणंजाणं बंद करू नका. विभागाला लेखी कळवा, त्या सत्रापुरती स्थगिती मागा, मिळालेल्या श्रेयांकांचं पत्रक हातात घ्या आणि पुन्हा नोंदणीची शेवटची तारीख विचारून पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. पत्त्यांचा तिसरा कप्पा तेवढा बाहेर ठेवा. आठवड्यातून एकदा तो पाहिला तरी पुढच्या सत्रात पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.